शिकणाऱ्याची मराठी : स्टीफन्स, मोल्सवर्थ आणि बर्नसन

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मराठी शिकलेल्या इंग्रजी भाषकांना एक ठरावीक जागा मिळत आलेली आहे. मिशनऱ्यांची वाङ्मयसेवा किंवा इंग्रज अधिकाऱ्यांचे योगदान अशा मथळ्याखाली एखादे प्रकरण येते. त्यात कोश, व्याकरणे आणि भाषांतरे यांची सनावळीसह यादी येते आणि कृतज्ञतेच्या एकदोन वाक्यांनी ते प्रकरण संपते. वसाहतवादाची चिकित्सा करणाऱ्या लेखनात हीच यादी आरोपपत्रासारखी वाचली जाते. कृतज्ञता आणि आरोप या दोन्ही भूमिकांत एक साधी गोष्ट नजरेआड होते. ही माणसे कवी, कोशकार किंवा संपादक होण्याआधी विद्यार्थी होती. दुसऱ्या भाषेत घडलेली जीभ आणि दुसऱ्या भाषेला सरावलेला कान घेऊन, जाणत्या वयात ती मराठीपुढे उभी राहिली. त्यांचे ग्रंथ हे प्रथमतः शिकणाऱ्याचे ग्रंथ आहेत, हे लक्षात घेतले तर त्यांचा अन्वयार्थ काहीसा वेगळा लागतो.

परक्या प्रदेशात वस्ती करून तेथील भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत उच्चार आणि व्याकरण यांपेक्षाही मूलभूत असा एक प्रश्न असतो. त्याचे बोलणे बरोबर की चूक, हे कोणी ठरवायचे? भाषा ज्यांची त्यांनी, हे याचे उत्तर उघडच वाटते. मराठीचा इतिहास मात्र असे दाखवतो की हा अधिकार सदैव मराठी भाषकांकडे राहिला नाही. शिकणाऱ्याच्या बुद्धीपेक्षा किंवा निष्ठेपेक्षाही, त्याच्या मातृभाषेचे त्या प्रदेशात कोणते स्थान होते यावर तो अवलंबून राहिला. इंग्रजी जेथे निरुपयोगी होती, जेथे ती राज्यकर्त्यांची भाषा होती आणि जेथे ती स्थानिकांच्याच आकांक्षेची भाषा बनली, अशा तीन परिस्थितींतील तीन उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

२

विल्टशर परगण्यात जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बन सोडून ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गोव्यास उतरले. भारतात स्थायिक झालेला पहिला इंग्रज असा त्यांचा उल्लेख सामान्यतः केला जातो. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, बहुतांशी साष्टी भागात, काढली आणि ते मायदेशी परतले नाहीत.

या चाळीस वर्षांत त्यांच्या इंग्रजीला गोव्यात जवळजवळ काहीच किंमत नव्हती. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज, चर्चची लॅटिन, घराघरांतली कोकणी आणि धर्मग्रंथांच्या पठणाची मराठी, अशी त्या प्रदेशाची भाषिक व्यवस्था होती. इंग्रज असण्याचा त्यांना उपयोग झाल्याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी आणि फिच या इंग्रज व्यापाऱ्यांना कैद करून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. एरवी त्यांची मातृभाषा ही खाजगी बाब बनली होती. त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रासाठी त्यांनी लॅटिनच वापरली. येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी आहे, असे एक निरीक्षण त्या पत्रात आहे. विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील सुप्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. पण ते एका नवख्या विद्यार्थ्याचे निरीक्षण आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विभक्तींचे प्रत्यय घोकत असताना आपण हे पूर्वी कोठेतरी केले आहे, असे ज्याला जाणवते त्याचाच तो उद्गार आहे.

स्टीफन्स यांच्या शिक्षणाचे खरे गमक त्यांनी भाषांत केलेल्या विभागणीत सापडते. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी कोकणीत आहे. १६४० मध्ये प्रसिद्ध झालेले व्याकरणही कोकणीचेच आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी मात्र त्यांनी मराठी निवडली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना केली. म्हणजे शब्दसंग्रह आणि व्याकरण यांबरोबर कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोलायची याविषयीचा स्थानिक संकेतही त्यांनी आत्मसात केला होता. शिकवण घरच्या भाषेत द्यायची आणि पुराण मराठीत सांगायचे, हा विवेक त्यांना समाजाच्या भाषाव्यवहारातूनच मिळू शकत होता.

'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीची चौकट या दृष्टीने महत्त्वाची आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूला विनवतो की आमची जुनी पुराणे आम्हांला वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस नवे पुराण द्यावे. अशी चौकट पुराणरचनेच्या संकेताला धरून आहे, हे खरे. तरीही तीतून कवीने स्वतःला कोठे ठेवले आहे ते कळते. मागणी श्रोत्याची आहे आणि ती पुरी झाली की नाही हेही श्रोताच ठरवणार आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, शब्द ठिकठिकाणी मिसळून कवित्व सोपे केले आहे, असा खुलासाही ग्रंथारंभी येतो. आपल्या मराठीच्या शुद्धतेचा दावा करण्याऐवजी ती मुद्दाम मिश्र केल्याचे कवी सांगतो. येथे भाषेची कसोटी ऐकणाऱ्याच्या कानाला लावलेली आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरण्याइतके धारिष्ट त्यांना दाखवता आले, तेही या कानावरच्या विश्वासामुळेच.

यात भाबडेपणाला जागा नाही. साष्टीतील देवळे पाडली गेल्यानंतर बारा वर्षांनी स्टीफन्स तेथे आले होते. श्रोत्याची जुनी पुराणे ज्या सत्तेने काढून घेतली, त्याच सत्तेच्या आश्रयाने नवे पुराण लिहिले गेले. श्रोत्याची मागणी मुक्त मनाची होती असे म्हणता येणार नाही. मात्र सत्तेत सहभागी असूनही स्टीफन्स यांची मातृभाषा सत्तेची नव्हती. त्यामुळे स्थानिकांनी त्यांच्या भाषेपर्यंत चालत यावे, ही सोय त्यांना उपलब्ध नव्हती. धर्माच्या बाबतीत ते शिक्षक होते. भाषेच्या बाबतीत त्यांना अखेरपर्यंत विद्यार्थी राहावे लागले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने फर्मान काढून स्थानिकांनीच तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असा हुकूम केला. भाषा कोणी कोणाची शिकायची, हा प्रश्न तेथे सरळ उलटवण्यात आला. 'ख्रिस्तपुराणा'ची तिसरी आवृत्ती १६५४ मध्ये निघाल्यावर चौथी निघण्यास १९०७ साल उजाडावे लागले, आणि तीही गोव्याबाहेर, मंगळूर येथे निघाली.

३

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चित्र बदलले. विल्यम केरी यांनी महाराष्ट्रात पाऊल न ठेवता, बंगालमध्ये बसून, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली. १८०५ मध्ये व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे वैजनाथ पंडित होते, बाजार नव्हता. भाषा ज्या प्रदेशात बोलली जाते तेथे वस्ती न करताही ती शिकता येते आणि शिकवताही येते, ही कल्पना तेव्हाच्या मराठीला नवीन होती. भाषेचा अनुभव पंडितापुरता मर्यादित झाला, की पंडिताची भाषा हीच भाषा असे वाटू लागते. पुढील पन्नास वर्षांच्या घडामोडींचे बीज यात दिसते.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांची गोष्ट निराळी होती. कोवळ्या वयात कंपनीच्या लष्करात दाखल होऊन ते मुंबई इलाख्यात आले आणि येथेच मराठी शिकले. त्यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. प्रकृतीमुळे त्यांना इंग्लंडला परतावे लागले. मधल्या काळात लष्करी पेशा आपल्या ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत वाटल्याने त्यांनी तोही सोडला. १८५१ मध्ये ते केवळ कोशाच्या सुधारणेसाठी पुन्हा आले आणि १८५७ मध्ये सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती सिद्ध झाली. लोक त्यांना 'मोलेसरशास्त्री' म्हणत. या संबोधनात कौतुक आहे, तसेच एक सूक्ष्म स्थानांतरही आहे. शिष्याला येथे शास्त्र्याचे पद मिळाले आहे.

मोल्सवर्थ यांच्या कोशाचे वाङ्मयीन मूल्य ज्या नोंदींत प्रकर्षाने जाणवते, त्या नोंदी बहुधा इंग्रजी प्रतिशब्द हाती न लागल्याने लांबलेल्या आहेत. 'हात', 'डोळा', 'पोट' अशा अवयववाचक शब्दांखाली वाक्प्रचारांची रांग लागते. अनुकरणवाचक शब्दांना एका प्रतिशब्दात बसवता येत नाही, तेव्हा कोशकार तो ध्वनी कोणत्या प्रसंगी होतो त्याचे वर्णन करू लागतो. म्हणी येतात, ग्राम्य शब्द येतात, शिष्टांनी गाळले असते असेही पुष्कळ येते. या जागी मोल्सवर्थ पुन्हा विद्यार्थी होतात. आपल्या भाषेचा अपुरेपणा मान्य करूनच त्यांना पुढे जाता येते आणि तेथे मराठी त्यांच्याकडून आपला हक्क वसूल करते.

तरीही कोशाची दिशा विसरता येत नाही. मथळा मराठीत आणि अर्थ इंग्रजीत असलेला हा ग्रंथ मराठी येत नसलेल्या सत्ताधाऱ्यासाठी रचलेला होता. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२९ मध्ये, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, परशुरामपंत गोडबोले आदी शास्त्र्यांनी तयार केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' मुंबईत छापला गेला होता. तो मराठी–मराठी आहे. मराठी माणसाने मराठी शब्दाचा अर्थ मराठीत पाहावा, अशी त्याची कल्पना होती. या दोन कोशांच्या पुढील वाटचालीत एकोणिसाव्या शतकाचा भाषिक इतिहास साठवलेला आहे. शास्त्र्यांचा कोश अभ्यासकांपुरता उरला. मोल्सवर्थ यांच्या कोशाचे मात्र १९७५ मध्येही पुण्यात पुनर्मुद्रण झाले आणि मराठी वाचकच मराठी शब्दांसाठी त्याचा आधार घेत राहिला. परकीय शिकाऊ माणसासाठी बांधलेल्या वाटेने मराठी भाषक आपल्या भाषेकडे जाऊ लागला. या घटनेला मोल्सवर्थ यांचे यश म्हणता येईल, पण तेवढेच म्हणून थांबता येणार नाही.

शिकणाऱ्याकडे अधिकार कसा गेला, याचे अधिक स्पष्ट उदाहरण थॉमस कँडी यांचे आहे. मोल्सवर्थ यांचे साहाय्यक, पुण्याच्या संस्कृत पाठशाळेशी संबंधित अधिकारी, सरकारी भाषांतरकार आणि शालेय पुस्तकांचे तपासनीस अशा अनेक नात्यांनी त्यांचा मराठीशी संबंध आला. मराठीतील विरामचिन्हांची व्यवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' ही त्यांची पुस्तिका १८५० मधली. शाळेत जाणाऱ्या मुलाने कोणती मराठी वाचावी, वाक्य कोठे थांबावे, कोणता शब्द शिष्ट मानावा, या गोष्टींवर मराठी शिकलेल्या एका इंग्रजाची संमती आवश्यक ठरली. 'नवनीत' हा काव्यसंग्रह १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोले यांनी सिद्ध केला तो कँडी यांच्या देखरेखीखालील व्यवस्थेतच. १८२९ च्या कोशात शास्त्रीमंडळाचा सभासद म्हणून भाषेचा निवाडा करणारे गोडबोले पंचवीस वर्षांनी शिकणाऱ्याच्या खात्यात साहाय्यक झालेले दिसतात.

कँडी यांचे मराठीचे ज्ञान उथळ होते असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. ते पक्केच होते, पण ते एका विशिष्ट प्रकारचे होते. शिकणाऱ्याला नियम हवा असतो. एका शब्दाची एकच जागा, एका उच्चाराचे एकच लेखन, वाक्याचा ठाम शेवट या त्याच्या गरजा असतात. जन्मभाषकाला यांतील पुष्कळशा गोष्टींची गरज नसते, कारण संदर्भ आणि आवाज त्याच्यासाठी ते काम करतात. शिकणाऱ्याच्या हाती शासन, छापखाना आणि शाळा आल्या, तेव्हा त्याची गरज हीच भाषेची शिस्त बनली. अर्वाचीन मराठी गद्याची घडी अशा रीतीने काही अंशी परभाषकाच्या सोयीने बसली आहे. दादोबा पांडुरंग यांचे १८३६ मधील व्याकरणही इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्याकडे पाहत लिहिले गेले, यावरून ही दृष्टी जन्मभाषकांनीही किती लवकर स्वीकारली ते कळते. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पहिल्याच निबंधात मराठीच्या तत्कालीन स्थितीचा विषय घेतला. त्याची कारणमीमांसा स्वाभिमान या शब्दाने पुरी होत नाही. बरोबर मराठी कोणती हे सांगण्याचा अधिकार परत मागण्याची ती कृती होती. मात्र हा अधिकार परत आला तो सर्व मराठी भाषकांकडे आला नाही. तो इंग्रजी शिकलेल्या पुणेरी शिष्टांकडे आला. शिकणाऱ्याने पंडितांच्या मदतीने निश्चित केलेले प्रमाण तसेच राहिले; त्याचे राखणदार तेवढे बदलले.

४

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात येऊन राहिलेल्या इंग्रजी भाषकापुढची अडचण यापेक्षा वेगळी होती. राज्य गेले होते, पण इंग्रजीची प्रतिष्ठा वाढली होती. परदेशी माणूस अडखळत मराठी बोलू लागला की समोरचा सुशिक्षित त्याला इंग्रजीत उत्तर देतो. त्यात सौजन्य असते आणि आपली इंग्रजी दाखवण्याची संधीही असते. स्टीफन्स यांना हा मोह कधी आडवा आला नाही. आता मराठी शिकायची तर आधी इंग्रजीची सोय नाकारावी लागत होती.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक १९६६ मध्ये फलटणला आल्या. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेद हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आणि त्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना १९७३ मध्ये पीएच.डी. दिली. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. येथे विषयाची निवडच बोलकी आहे. मराठी कशी बोलावी हे पंडिताला विचारण्याऐवजी एका तालुक्याच्या गावात कोण कोणती मराठी बोलतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. जात, शिक्षण आणि सामाजिक स्थान यांनुसार बदलणारी भाषा ही चुकांची बेरीज मानायची नाही, तर तिच्यातील भेदांची व्यवस्था पाहायची, ही दृष्टी अर्थातच त्या काळच्या समाजभाषाविज्ञानाची होती. पण तिचा परिणाम मराठीपुरता दूरगामी होता. प्रमाणभाषेचे राखणदार ज्या बोलण्याला अशुद्ध म्हणत होते, त्या बोलण्याला येथे पुराव्याचे स्थान मिळाले. शिकणाऱ्याची चूक कोणी काढायची, या प्रश्नाचे उत्तर गावातील सर्व थरांत विभागले गेले.

दुसरी गोष्ट ग्रंथनामपत्राची. १८३१ च्या कोशाच्या नामपत्रावर मोल्सवर्थ आणि कँडी बंधू आहेत. ज्या ब्राह्मण साहाय्यकांनी शब्द आणून दिले ते तेथे नाहीत. १९७५ मध्ये मराठी शिकणाऱ्या परदेशीयांसाठी निघालेल्या कोशावर आणि व्याकरणावर बर्नसन यांच्याबरोबर जाई निंबकर यांचे नाव सहलेखिका म्हणून आहे. जाई निंबकर या इंग्रजीतून लिहिणाऱ्या कादंबरीकार आणि इरावती कर्वे यांच्या कन्या. शिकणारी आणि सांगणारी यांची नावे शेजारी येण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली, हा तपशील किरकोळ मानता येत नाही.

बर्नसन पुढे लेखनवाचन शिकवण्याच्या कामाकडे वळल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. शाळेला जिचे नाव दिले त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन होत्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झाल्या होत्या. जन्माने इंग्रजी भाषक असलेल्या व्यक्तीने मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवावे, हे दृश्य वरवर पाहता कँडी यांच्या तपासनिसीची आठवण करून देईल. फरक असा की येथे सुरुवात मुलाच्या तोंडच्या भाषेपासून होते. परभाषा शिकलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, की चूक दाखवणारा माणूस वाक्य संपण्यापूर्वीच बोलू लागला तर बोलणे बंद पडते. शाळेत पहिल्यांदा आलेल्या, घरी प्रमाण मराठी न ऐकलेल्या मुलाची अवस्था परदेशी विद्यार्थ्यापेक्षा फारशी निराळी नसते. हे साम्य ओळखणे स्वतः शिकलेल्याला अधिक सोपे जाते.

गेल ऑम्व्हेट यांचे उदाहरण याला पूरक आहे. मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या ऑम्व्हेट यांनी १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मुख्यतः इंग्रजीत लिहिले. पण पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरचा त्यांचा १९७६ मधील ग्रंथ ज्या सत्यशोधकी साहित्याच्या आधाराने उभा आहे, ते साहित्य शिष्ट वाङ्मयेतिहासाने बऱ्याच अंशी दूर ठेवलेले होते. त्यांनी शिकलेली मराठी सभांची, चळवळीच्या पत्रकांची आणि शेतकरी घराची होती. कोणाकडून शिकले, यावर काय वाचता येते हे ठरते.

५

या तीन उदाहरणांतून भाषाप्रेमाची चढती कमान काढणे योग्य होणार नाही. स्टीफन्स यांची मराठी धर्मांतराच्या सक्तीशी बांधलेली होती. मोल्सवर्थ यांची मराठी राज्याशी बांधलेली असूनही तिने भाषेचे भांडार जपले. बर्नसन आणि ऑम्व्हेट यांच्या मागेही अमेरिकन विद्यापीठांचे बळ होते. मुद्दा व्यक्तींच्या सद्हेतूचा नाही. शिकणाऱ्याची मातृभाषा निरुपयोगी असते तेव्हा स्थानिक कान आपोआप न्यायाधीश होतो. ती सत्तेची असते तेव्हा शिकणाराच न्यायाधीश होऊ शकतो. आणि ती स्थानिकांच्या आकांक्षेची असते तेव्हा न्यायाधीशाचे आसन जाणीवपूर्वक पुन्हा समाजाकडे द्यावे लागते. वाङ्मयेतिहासाने 'योगदान' या शब्दात ही तिन्ही नाती एकत्र कोंबल्यामुळे मराठीच्या प्रमाणीकरणाचा इतिहास अपुरा राहिला आहे.

या प्रश्नाला आजचाही एक संदर्भ आहे. महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या असंख्य मराठी मुलांच्या दृष्टीने मराठी ही आता वर्गात शिकण्याची, गुण मिळवण्याची दुसरी भाषा आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांची स्थिती याहून फार वेगळी नाही. इंग्रजीत विचार करणारा आणि मराठीत अडखळणारा शिकाऊ माणूस आता बोटीने बाहेरून येत नाही. तो घरातच वाढतो आहे. त्याच्या तोंडची मराठी ऐकताना कँडी यांची तांबडी शाई हाती घ्यायची की 'ख्रिस्तपुराणा'तील श्रोत्यासारखे आपले मागणे त्याच्यापुढे ठेवायचे, याचा निर्णय मराठी भाषकांनाच करावा लागेल. तो करताना, मराठी गद्याची जी शिस्त आपण परंपरा म्हणून जपतो तिचा काही भाग एकेकाळी अशाच अडखळणाऱ्यांच्या सोयीसाठी घडला होता, याची जाणीव असणे आवश्यक आहे.